उरवलेल्या गोळ्या

चिखलबोडीच्या रंभाबाईला प्रवासाची तयारी कोणी शिकवू नये, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अकरा वर्षं ती माणसं घेऊन खाली जात होती. खाली म्हणजे सिरोंचाकडे, मिरची तोडायला. धान घरात आला, बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासोळी संपत आली, की गोंडपिपरी तालुक्यातल्या या ढिवरांच्या गावात हाताला काम उरत नाही. मग पंधरा-सोळा माणसं एका पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसतात आणि तिकडच्या तेलुगू शेतकऱ्याच्या वावरात ताडपत्रीखाली दोन-अडीच महिने काढतात. तिकडचं ऊन वेगळं, पाणी वेगळं, आणि मच्छरांचं तर विचारूच नका. आजूबाजूच्या गावच्या टोळ्यांतलं एखादं माणूस दर दोन-तीन वर्षांनी तापानं तिकडेच संपायचं. रंभाबाईच्या टोळीतलं मात्र अकरा वर्षांत एकही नाही. जितकी डोकी नेली तितकी मोजून आणली. म्हणून तिच्या टोळीत जागा मिळावी यासाठी लोक दिवाळीपासून तिच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि रंभाबाई काय कमी, ती त्यांना चांगली ताटकळत ठेवायची.

तिच्याकडे एक स्टीलची डबी होती. गावात रीतच पडली होती म्हणा ना. ताप आला, सरकारी गोळ्या आणल्या, दोन दिवसांत अंग थंड झालं, की बाकीच्या गोळ्या खायच्या नाहीत. धडधाकट माणसानं औषध खाणं म्हणजे नुसता माज. त्या उरवायच्या, देवळीत ठेवायच्या, आणि खाली जायचे दिवस आले की रंभाबाईच्या हवाली करायच्या. "इथी फुकट भेटते, तिकडं जीव टाकला तरी भेटत नाई," ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. मिरचीच्या वावरापासून दवाखाना सोळा किलोमीटर, रस्ता असा की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. डबीत सगळ्या गोळ्या एकत्र. रंभाबाई त्या रंगावरून ओळखायची. लहान पांढरी तापाची, मोठी पांढरी थंडीतापाची, गुलाबी पोटाची. पिवळी कशाची ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण कोणाला फारच झालं की ती अर्धी पिवळी तोडून द्यायची. गंमत अशी की माणसं बरीही व्हायची, आणि बरं झालेलं माणूस गावभर सांगत फिरायचं.

या वर्षी दिव्यानीनं मोडता घातला. दिव्यानी गावची आशाताई, सून होऊन आली त्याला सहा वर्षं झालेली, अंगानं काडी पण हट्टाची पक्की. पिकअप निघायच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्या टोळीला समाजमंदिरात बोलावलं. पाणी उकळून प्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मच्छरदाणी गादीखाली खोचा, साखर-मिठाची पुडी जवळ ठेवा, ऊन डोक्यावर आलं की सावलीत बसा. रंभाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"माय वं दिव्यानी, हे आमाले माहीत नाई का वं?" ती म्हणाली. "तू शाळेत जात होती तईपासून मी मच्छरदाणी खोचून राह्यलो."

बाया हसल्या. दिव्यानीही हसली, पण तिनं पिशवीतून सुया काढल्या. खाली जाणाऱ्या प्रत्येकाचं बोट टोचून मलेरियाची कार्ड टेस्ट झाल्याशिवाय ती कोणाला सोडणार नव्हती. तिकडून आजार घेऊन यायचा नाही, तसा इकडून घेऊनही जायचा नाही, असं तिचं म्हणणं. एकेकाचं बोट टोचलं. रंभाबाईच्या रक्तात काही निघालं नाही, तिच्या नवऱ्याच्या, डोमाच्या, निघालं नाही, शेजारीण गोकुळाच्या निघालं नाही. करिश्माच्या कार्डावर मात्र दुसरी रेघ उमटली.

करिश्मा मनकर्णाची एकुलती एक. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, खाली जायची तिची ही पहिलीच खेप. मनकर्णाला दमा, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, घरात जे काय हातपाय चालायचे ते या पोरीचे. मनकर्णा आणि रंभाबाई दोघी चिमूरकडच्या एकाच गावच्या लेकी, दोघी याच गावात दिलेल्या. रंभाबाई दोन वर्षांनी मोठी म्हणून मनकर्णा तिला थोरल्या बहिणीला म्हणतात तसं बाई म्हणायची आणि करिश्मा मावशी म्हणायची.

"काकू, हिले मलेरिया हाय," दिव्यानी रंभाबाईला म्हणाली. "तोही डोक्यात चढनारा. तीन दिवस गोळ्या घ्या लागतीन, तोवर हिले नेता येनार नाई."

रंभाबाईनं करिश्माच्या कपाळाला हात लावला. "ताप कुठी हाय? थंडीगार पोट्टी हाय."

"परवा अंग कसकसत होतं मावशी," करिश्मा म्हणाली.

"सारवन केलं तरी अंग कसकसते."

पुन्हा हशा झाला. पण मनकर्णाचा चेहरा उतरला होता. पिकअप एकदाच जाणार, उद्या पहाटे. मागे राहिलेल्या पोरीला एकटीला कोण नेऊन सोडणार? आणि नाही गेली तर पावसाळ्यापर्यंत घरात काय शिजणार? ती नुसती रंभाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. असं कोणी बघितलं की रंभाबाईला राहवायचं नाही. चांगुलपणा म्हणा, मोठेपणाची हौस म्हणा, तिच्यात दोन्ही ठासून भरलं होतं.

"आजच्या गोळ्या तुह्यासमोर खाऊ दे," ती दिव्यानीला म्हणाली. "उद्याच्या न परवाच्या मी माह्या हातानं चारतो. मंग तं झालं?"

दिव्यानीनं लगेच हो म्हटलं नाही. ती रंभाबाईला चांगली ओळखून होती. "खाल्ल्यावर रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवाचा. मले वर दाखवा लागते," ती म्हणाली. "आन काकू, मधातच सोडल्या तं रोग मरत नाई बरं. लपून बसते अन् दुप्पट होऊन येते. तुमच्या पाया पडतो, एकही ठेवू नका."

"ठेवून का लोनचं घालू?"

तेवढ्यात मनकर्णानं पोरीचा हात रंभाबाईच्या हातात दिला. "बाई, तुह्या भरवशावर देतो."

"मन्के, तुही पोट्टी ते माही पोट्टी. जशी नेतो तशी आनून तुह्या ओट्यावर उभी करतो. आता रडू नोको, लोक पाहून राह्यले."

पहाटे भैयाजीची पिकअप निघाली. आष्टीवरून आलापल्लीला पोचेपर्यंत ऊन चढलं. तिथे सगळे चहाला उतरले. करिश्मानं वडापाव खाल्ला, वर आणखी एक मागितला, आणि हात पुसत पुसत म्हणाली, "मावशी, आजच्या गोळ्या?"

रंभाबाईनं पट्टी काढली. पोरीकडे बघितलं. तोंडावर तजेला, डोळे स्वच्छ, दोन वडापाव पोटात. समोर दोन दिवसांच्या गोळ्या, थंडीतापाच्या, अस्सल सरकारी, अजून पट्टीतून निघालेल्याही नाहीत. डबीत या जातीच्या चारच उरल्या होत्या, त्याही मागच्या सालच्या. सोळा माणसं, अडीच महिने. उद्या कोणाला खरोखरचा ताप भरला तर काय तोंडात घालायचं?

"कशी वाटते तुले?"

"चांगलं वाटते. पन दिव्यानीताई म्हने—"

"दिव्यानीले सांगाले का लागते? ते तिथी पंख्याखाली बसली हाय. बरी असताना खाशीन न तिकडं आजारी पडशीन तं मी का खाऊ घालू, माती? राहू दे माह्याजवळ. तुह्याच हाय, कोनी खात नाई."

करिश्मानं पाण्याची बाटली परत पिशवीत ठेवली. शिकलेली पोरगी, पण मावशीपुढे आवाज चढवायची तिच्यावर वेळ कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी वावरात ताडपत्र्या ठोकून झाल्यावर रंभाबाईनं गोळ्या पट्टीतून सोडवून डबीत टाकल्या आणि रिकामी पट्टी करिश्माच्या हातावर ठेवली. फोटो पोरीनंच काढला, पाठवलाही पोरीनंच. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मावशी, खोटं होते नं हे. देऊन टाक नं मले त्या गोळ्या."

"पट्टी रिकामी हाय का नाई? मंग का खोटं?" रंभाबाई म्हणाली. दिव्यानीकडून हात जोडल्याचं आणि हसऱ्या तोंडाचं चित्र आलं. ती किती खूश झाली ते बघून रंभाबाईला बरंच वाटलं.

पुढचे अठरा दिवस तिच्या तयारीत बोट ठेवायला जागा नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. दोन हंडे पाणी रोज उकळायचं. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. मच्छरदाण्या ती स्वतः रांगेनं तपासायची, एखादीला भोक दिसलं की तिथल्या तिथे शिवायची. मिरचीनं हात पेटतात म्हणून तोडणीला बसण्याआधी सगळ्यांच्या बोटांना खोबरेल आणि वर फडक्याच्या पट्ट्या. करिश्माला तिनं आपल्या बाजूच्याच ओळीत घेतलं होतं, दुपारी सावलीला पहिली तीच बसायची. पोरगी हाताची चपळ निघाली. आठवड्यात तिनं जुन्या बायांना गाठलं, आणि रंभाबाई शेतमालकालाही कौतुकानं सांगू लागली की ही आमची मनकर्णाची पोट्टी.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी करिश्मा मिरचीच्या ओळीतच बसली आणि उठली नाही. अंग भाजत होतं आणि दातावर दात वाजत होते. रंभाबाईनं तिला ताडपत्रीखाली नेलं, दोन चादरी टाकल्या, डबी उघडली.

ती घाबरली नव्हती. याच दिवसासाठी तर उरवल्या होत्या. तिच्या मनात हिशेब सरळ होता: तीन दिवसांच्या गोळ्या होत्या, एक दिवसाच्या गावात खाल्ल्या, दोन दिवसांच्या आता खायच्या. झाल्या की नाही पूर्ण? मध्ये अठरा दिवस गेले तर गेले, गोळी काय दूध आहे नासायला? फक्त डबीत आता त्या गोळ्या वेगळ्या दिसत नव्हत्या. मोठ्या पांढऱ्या बऱ्याच होत्या. गोकुळानं दिलेल्या जळजळीच्या होत्या, कोणाच्या तरी सासऱ्याच्या रक्तदाबाच्याही असाव्यात. रंभाबाईनं त्यातल्या जरा नव्या, चकचकीत बघून निवडल्या आणि पोरीला पाजल्या. रात्रीपर्यंत ताप उतरला. "पाहा," ती डोमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताप परत भरला. पुन्हा गोळ्या, पुन्हा थोडा उतार. संध्याकाळी करिश्माला उलट्या सुरू झाल्या. डोमा म्हणाला, दवाखान्यात नेऊ. रंभाबाई म्हणाली, गोळी अंगात जिरू तर दे. अकरा वर्षांची सवय, दुसरं काय? तिसऱ्या दिवशी पहाटे पोरीनं डोळे उघडले, रंभाबाईकडे बघितलं आणि तिला ओळखलं नाही. "आई कुठी हाय?" असं विचारत राहिली. तेव्हा मात्र रंभाबाईनंच, मिरची वाहायला गाडी घेऊन तिकडेच राहिलेल्या भैयाजीला फोन लावला, तिनंच पोरीला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, दोन रात्री जागलेला दिसत होता, पण त्यानं टाळाटाळ केली नाही. लगेच सलाईन लावलं, बोट टोचलं. कार्डावर रेघ आली.

"मलेरिया आधी झाला होता का हिला?"

"हो साहेब. वीस-बावीस दिवस झाले," डोमा म्हणाला.

"गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या? तिन्ही दिवस? हे नीट सांगा बाई, कारण गोळ्या पूर्ण घेतल्या तरी या कार्डावर महिनाभर रेघ दिसत राहते. पूर्ण घेतल्या असतील तर ही रेघ जुनी, आणि मला दुसरा आजार शोधावा लागेल. रक्ताची काच तपासणारा माणूस आज नाही, काच बाहेर पाठवतो, उत्तर उद्या येईल."

खाटेभोवती माणसं होती. डोमा, भैयाजी, गोकुळा, दुसऱ्या खाटेवरच्या पोराची आई. सगळे रंभाबाईकडे बघत होते. तिच्या तोंडात खरं आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण तिनं विचार केला, घेतल्याच ना शेवटी? काल-परवा दिल्याच की. राहिल्या होत्या त्या गेल्या पोटात.

"हो," ती म्हणाली. "माह्या हातानं देल्या."

डॉक्टरनं तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यानं दिव्यानीचा नंबर घेऊन तिला फोन लावला. पलीकडून दिव्यानीचा आवाज घाबरा झालेला ऐकू येत होता, पण तिनं ठासून सांगितलं की कोर्स पूर्ण झालाय, फोटो आहे. मिनिटभरात फोटो आला. डॉक्टरनं तो बघितला, मान हलवली आणि दुसऱ्याच आजाराची इंजेक्शनं लिहून दिली. त्याचं काय चुकलं? त्याच्यापुढे जे ठेवलं त्यावरच तो चालला.

सकाळचे नऊ वाजले होते. रंभाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. दहा वाजता करिश्मानं डोळे उघडून पाणी मागितलं. बघा, गुण येतोय, असं रंभाबाईनं स्वतःला सांगितलं. बारा वाजता पोरगी हाकेला ओ देईना. डोमानं बाहेर बोलावून हलक्या आवाजात विचारलं, "तू त्या गोळ्या डबीत टाकल्या होत्या नं?" ती म्हणाली, "मंग देल्या नं आता." तो म्हणाला, "डाक्टरले सांग." ती म्हणाली, "सांगतो." आणि परत आत येऊन बसली. का नाही सांगितलं, असं तिला पुढे शंभरदा कोणी विचारलं असतं तरी तिला धड सांगता आलं नसतं. लाज होती, भीती होती. अकरा वर्षांत कोणी तिला खोटं बोलणारी म्हटलं नव्हतं. आणि दर पंधरा मिनिटांनी वाटायचं, आता उतरेल ताप, आता बोलायची गरजच पडणार नाही. अशी सात तासांची पंधरा-पंधरा मिनिटं गेली.

गोकुळा आणि भैयाजी जेवण आणायला वावराकडे गेले होते, तेव्हा चार वाजता करिश्माला झटके आले. हातपाय वाकडे झाले, तोंडातून फेस आला. नर्स धावली. रंभाबाई उठली आणि डॉक्टरच्या सदऱ्याला धरून ओरडली, "नाई खाल्ल्या साहेब! एकच दिवस खाल्ल्या! बाकीच्या मी काढून ठेवल्या! त्या पट्टीतल्या गोळ्या मी काढल्या!"

डॉक्टर कपाटाकडे पळाला. मलेरियाचं इंजेक्शन तिथेच होतं, वीस पावलांवर, सकाळपासून. ते त्यानं दिलं. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मागवली, पण झटके थांबेनात, पोरगी हलवण्यासारखी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता करिश्मा गेली.

"साहेब," रंभाबाईनं विचारलं, "काल सकाळी सांगतलं असतं तं?"

डॉक्टर कागद भरत होता. त्यानं वर बघितलं नाही. "काल सकाळी ती पाणी मागत होती," तो म्हणाला.

मयत घेऊन गाडी निघाली तेव्हा डोमानं बायकोला एकच गोष्ट सांगितली. आलापल्लीच्या पुढे, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जंगल असताना तो तिच्या कानाशी म्हणाला, "गावात तोंड उघडू नोको. पोट्टी तं वापस येत नाई. आपल्याले तिथंच राहा लागते."

मनकर्णा पोरीला बघून रडली नाही. तिचा दमच एवढा लागला की रडायला श्वास पुरेना. लोकांनी तिला धरून बसवलं, पोरीला मातीला नेलं. घरी परतल्यावर ती रंभाबाईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाई, तुनं खूप केलं. गोकुळा सांगत होती, तू तीन दिवस डोळ्याले डोळा नाई लावला." रंभाबाईला वाटलं, आता हिनं मला एक ठेवून द्यावी. पण मनकर्णा तिची पाठ थोपटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाच्या अंगणात माणसं जमली आणि दिव्यानीला बोलावलं गेलं. लोकांना कोणीतरी हवंच असतं. गोळ्या मुदत गेलेल्या होत्या, एक म्हणाला. गोळ्यांनीच पोरगी मेली, दुसरा म्हणाला, चांगली हिंडत-फिरत होती, बोट टोचलं आणि रोग लागला. सोमाजी गावातला वजनदार माणूस, तो खाटेवर बसून म्हणाला की अशी आशाताई गावाला नको, वर अर्ज करू, आणि आजपासून कोणी तिची गोळी घ्यायची नाही. दिव्यानी अंगणाच्या मधोमध उभी होती. हातात फोन, फोनवर तोच फोटो. "गोळ्या चांगल्या होत्या हो भाऊ, मुदत पाहा याच्यावर, पूर्ण खाल्ल्या होत्या तिनं, मलेच नाई समजून राह्यलं कसं झालं," असं ती एकेकाला दाखवत होती आणि तिचा आवाज फाटत होता. तिला स्वतःलाच आता आपल्या गोळ्यांची शंका येऊ लागली होती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

रंभाबाई भिंतीशी बसली होती. डोमानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, घट्ट. तो हात तिनं काढला.

"दिव्यानीले कोनी काही बोलू नोका," ती उठून म्हणाली. "तिच्या गोळ्या करिश्मानं खाल्ल्याच नाई. मी खाऊ देल्या नाई. पट्टीतून काढल्या न माह्या डबीत टाकल्या. पोट्टीनं दोन डाव मागतल्या, मी नाई देल्या. दवाखान्यात डाक्टरनं पुसलं तं खोटं बोल्लो. सकाळी नऊपासून चार वाजेपर्यंत खोटं बोल्लो. पोट्टी माह्यानं मेली."

मग गोकुळा उठली, तिनं रंभाबाईला दंडाला धरून खाली बसवलं. "दुःखानं डोकं फिरलं हो बाईचं," ती लोकांना म्हणाली. "तीन रात्री झोपली नाई ते." बायांनी च्च् च्च् केलं. कोणी पाणी आणलं. सोमाजी म्हणाला, "रंभाबाई, तू सगळं आपल्या अंगावर काहून घेतं? तू तं गावाची माय हायेस. अकरा वर्षं आमी पाहून राह्यलो." आणि तो पुन्हा दिव्यानीकडे वळला. डोमानं मान खाली घातली. रंभाबाई पुन्हा बोलू लागली, तर गोकुळानं तिच्या तोंडाला पाण्याचा गिलास लावला.

अकरा वर्षांचं नाव असं आडवं आलं. तिला कोणी खोटं मानायला तयारच नव्हतं, आणि म्हणून खरंही मानेना.

मनकर्णा दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. ती ओट्यावरून उतरली, गर्दीतून आली, रंभाबाईच्या समोर बसली. बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. लहानपणापासून ती हे डोळे ओळखत होती.

"दोन डाव मागतल्या?" तिनं विचारलं.

"हो."

"का म्हने?"

"दुसऱ्या डावाले म्हने, मावशी, खोटं होते नं हे."

मनकर्णाचा श्वास छातीत अडकला आणि शिट्टी वाजत बाहेर आला. बायांना वाटलं, आता ही पडते. पण तिनं रंभाबाईचं मनगट धरलं आणि उठली, उठताना तिलाही उठवलं.

"चाल."

"कुठी?"

"घरोघर. एकेकाच्या दारात सांग. इथी सगळ्यांत कोनी आयकत नाई."

"मन्के, मले मार. काही बोल. पन—"

"मारून का करू? माही पोट्टी गेली. पन या लोकायच्या घरात लेकरं हाय, न यायच्या देवळीत गोळ्या हाय. तू बाई मोठी. तुह्यावर सगळे भरोसा ठेवते, मी बी ठेवला. आता तुह्याच तोंडानं सांग." मग ती सोमाजीकडे वळून म्हणाली, "भाऊ, तो अर्ज राहू द्या. दिव्यानीले घरी जाऊ द्या."

आणि ती रंभाबाईला ओढत अंगणाबाहेर निघाली. कोणी आडवं आलं नाही. पहिलं घर गोकुळाचं. गोकुळा मागून धावत आली तोवर या दोघी तिच्या दारात उभ्या होत्या, आत तिची म्हातारी सासू आणि दोन नातवंडं होती. रंभाबाईनं सांगितलं. सासूला नीट ऐकू येत नव्हतं, ती हसून म्हणाली, "ये वं रंभा, बस, च्या घे."

"परत सांग," मनकर्णा म्हणाली. "मोठ्यानं."

रंभाबाईनं परत सांगितलं, मोठ्यानं. या खेपेला म्हातारी हसली नाही. तिनं एका नातवाला जवळ ओढलं आणि रंभाबाईकडे असं बघितलं, जसं तिच्याकडे या गावात आजवर कोणी बघितलं नव्हतं.

मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकून दम घेत होती. तिची छाती वाजत होती. रंभाबाई म्हणाली, "मन्के, तू घरी जाय, पड जराशी. मी सांगतो सगळ्यायले." मनकर्णानं मान हलवली. मनगट तिनं सोडलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "तुह्या एकटीच्या भरवशावर आता काही नाई."

मग त्या शेजारच्या दारात गेल्या.